मामा आले की स्क्रीन जाते

माझ्या टेबलावरची मोठी स्क्रीन पहिल्यांदा काळी पडली तेव्हा मला वाटलं लाईट गेली. पण पंखा फिरत होता, लॅपटॉप चालू होता, मीटिंगमधले आवाज येत होते. फक्त समोरचा मॉनिटर ठार काळा. दोन-तीन सेकंदांनी तो आपोआप परत आला, जसं काही झालंच नाही. असल्या निर्लज्जपणाचा मला भयंकर राग येतो, माणसाच्याही आणि वस्तूच्याही.

दवाखान्यांचे कागद वाचून त्यातल्या आजारांना, ऑपरेशनांना ठरलेले कोड लावायचं माझं काम. कंपनी पुण्याची, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी. एकीकडे पेशंटचा कागद आणि दुसरीकडे कोडांची यादी, हे लॅपटॉपच्या वीतभर जागेत मावत नाही. म्हणून हा मॉनिटर घेतला आणि त्याच हौसेत खालीवर होणारी चाकांची खुर्चीही. नोकरी नवी होती. सहा महिने बघू, मग कायम करू, असं कंपनीनं सांगितलेलं. त्यात टीम लीडरबाई दिवसातून दोनदा माझं काम बघायच्या आणि मी बोलता बोलता अडखळले की म्हणायच्या, "नक्की तयारी झालीय ना?"

मग सुरू झाले उपाय. केबल काढून घट्ट बसवली. नवी केबल आणली. ड्रायव्हर अपडेट केला, सेटिंगमध्ये जाऊन वीज वाचवायचे सगळे पर्याय बंद केले. इन्व्हर्टरवरचा प्लग काढून सरळ भिंतीला लावला. तरी दिवसातून दोन-तीनदा स्क्रीन जायचीच, आणि नेमकी मी कुणाशी तरी बोलत असताना. शेवटी रिपेअरवाला येऊन मॉनिटर घेऊन गेला. दोन दिवसांनी परत आणून दिला आणि म्हणाला, "वैनी, दोन दिवस सलग चालू ठेवलाता. डोळा बी मिटला न्हाय ह्येनं. तुमच्या घरातच कायतरी हाय बगा."

हे वाक्य तो माझ्याशी बोलला, पण ऐकलं ते दारात उभ्या असलेल्या मामांनी. मामा म्हणजे माझे सासरे.

मामांनी चाळीस वर्षं फौंड्रीत मोल्डर म्हणून काम केलेलं. वाळूचे साचे करायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. ओतलेल्या मालात भोक निघालं की बाकीचे वाळूला शिव्या द्यायचे, मामा म्हणायचे, "शिव्या मागनं. आदी बगा, त्या टायमाला काय काय चालू हुतं." सासूबाई जाऊन चार वर्षं झालेली, नवरा दिवसभर कामावर, मुलं शाळेत. दुपारी घरात आम्ही दोघंच. चार वाजता झोप झाली की ते माझ्या खोलीत यायचे, खिडकीचा पडदा ओढायचे, कॉटवर पंधरा मिनिटं बसायचे. मी मीटिंगमध्ये असले तर गप्प बसायचे, नसले तर पेठेतल्या बातम्या सांगायचे. दिवसातून एक-दोनदा चहा-पाणी द्यायलाही यायचे. ते आत आले की मी उठून उभी राहायचे. माहेरची शिकवण, लग्नाला चौदा वर्षं झाली तरी अंगातून गेलेली नाही. ते "बस, बस" म्हणायचे, मी बसायचे.

रिपेअरवाला गेल्यानंतर चार दिवस मामांनी नुसतं निरीक्षण केलं. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, "मी आलो की जातंय."

नवरा हसला. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला. कायबी काय!"

पण मामा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पद्धतशीर तपास सुरू केला. मोबाईल बाहेर ठेवून आले. "येऊ का?" असं दारातून विचारायचे, आत यायचे, आणि स्क्रीन काळी. "गेलं!" म्हणून ओरडायचे, एखादा चोर सापडल्यासारखे. मग कानातलं मशीन काढून आले. गेली. चपला काढून आले. गेली. मनगटात वीस वर्षांचं तांब्याचं कडं होतं, ते साबण लावून, कातडं सोलून निघेपर्यंत ओढून काढलं आणि आले. गेली. त्या वेळी "गेलं" असं त्यांनी अगदी हळू म्हटलं. काढण्यासारखं आता अंगावर काहीच उरलं नव्हतं.

मला ही थट्टाच वाटत होती, पण आठवड्याभरात मीही मोजायला लागले. दहातल्या सात वेळा खरंच जात होती. माझ्यासारखी शिकलेली बाई, दिवसभर आजार कशानं झाला हे वाचणारी, मनातल्या मनात म्हणायला लागली की मामांमध्येच काहीतरी आहे.

मार्चमधल्या एका दुपारी कंपनीच्या मोठ्या साहेबांपुढं मला काम दाखवायचं होतं. ह्यावरच नोकरीचं ठरणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. मी बोलत असताना मामा चहा घेऊन आत आले. मी अर्धवट उठले आणि स्क्रीन गेली. कोणत्या ओळीवर होते तेच मला कळेना. आणि मी किंचाळले, "मामा, किती वेळा सांगितलं, तुम्ही ह्या खोलीत येत जाऊ नका म्हणून!"

खरं तर एकदाही सांगितलं नव्हतं. माईक चालू होता. साहेबांनी ऐकलं, टीममधल्या नऊ जणांनी ऐकलं. मामांनी कप उंबऱ्याबाहेर खाली ठेवला आणि गेले.

रात्री जेवताना त्यांनी स्वतःच विषय हलका केला. नवऱ्याला म्हणाले, "पांढऱ्या पायाचा झालो की रं मी."

माझा घास तोंडातच राहिला. कारण हा शब्द ह्या घरात आधी माझ्यासाठी निघाला होता. माझं लग्न झालं आणि महिन्याच्या आत मामांची फौंड्री बंद पडली. चुलतसासूबाई चार बायकांत म्हणाल्या होत्या, पोरगी पांढऱ्या पायाची निघाली. ज्यांची नोकरी गेली होती ते मामाच तेव्हा पुढं आले आणि म्हणाले, "फौंड्री मालकानं बंद केली, हिनं न्हाय. परत ह्यो शब्द ह्या घरात नको." पुन्हा कुणी काढला नाही. चौदा वर्षांनी त्यांच्यावर तो स्वतःबद्दल काढायची वेळ आली, आणि ती मी आणली.

मी उठून ताटं आवरली. बोलायला हवं होतं.

दोन दिवसांनी मामा आजऱ्याला माझ्या नणंदेकडं गेले. "काजूचा सीजन हाय, तेवढाच लेकीला हात लागंल," म्हणाले. कुणी अडवलं नाही. खोटं कशाला सांगू, एसटी सुटली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आणि ते गेल्यापासून स्क्रीन जायची थांबली. एक आठवडा गेला, दोन गेले, माझ्यासमोर ती एकदाही काळी झाली नाही. रोज संध्याकाळी मामांचा फोन यायचा. नातवंडांची चौकशी झाली की विचारायचे, "जातंय का?"

"नाही मामा."

"मग बरं हाय की," म्हणायचे, आणि आणखी आठ दिवस राहतो म्हणून सांगायचे. मी खरं तेच सांगत होते, आणि माझ्या प्रत्येक खऱ्या उत्तरानं त्यांचा मुक्काम वाढत होता.

एप्रिलमध्ये कंपनीतले एक जुने गृहस्थ वारले. सकाळच्या मीटिंगमध्ये टीम लीडरबाई म्हणाल्या, सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहू या. चौकटीचौकटीतून माणसं उठली. मीही उठले, हात जोडले, आणि माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीन काळी झाली.

खोलीत कुणी नव्हतं. मामा नव्हते, त्यांचा मोबाईल नव्हता, कडं नव्हतं. श्रद्धांजलीची दोन मिनिटं मी काय विचार करत होते हे सांगायची लाज वाटते. मीटिंग संपल्यावर कॅमेरा बंद केला आणि खुर्चीत बसले, उठले. काळी. पुन्हा बसले, उठले. काळी. आठ-दहा वेळा केलं. मग स्वयंपाकघरातून लाकडी खुर्ची आणून तिच्यावरून उठले. स्क्रीन ढिम्म हलली नाही.

इंटरनेटवर शोधलं तर जगभरातल्या लोकांनी लिहून ठेवलेलं. अशा खुर्चीच्या दांड्यात दाबलेला गॅस असतो. आपण उठलो की खुर्ची वर उसळते, तेव्हा विजेचा एक बारीक झटका सुटतो. आपल्याला तो कळतही नाही, पण साधी केबल तो पकडते आणि स्क्रीन क्षणभर बंद पडते. मी इतके दिवस मॉनिटर, केबल, प्लग धुंडाळत होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. एरवी मी उठले की स्क्रीनकडं पाठ करून बाहेर जायचे, त्यामुळं ती गेलेली दिसायची नाही. तिच्याकडं तोंड करून मी फक्त मामांसाठी उठत होते.

फोनवर हे सांगायला जीभ रेटेना. रविवारी नवऱ्याबरोबर आजऱ्याला गेले. नणंदेच्या अंगणात ताडपत्रीवर काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या, मामा शेजारी बसून त्या हातानं खालीवर करत होते. मी समोर बसले आणि म्हटलं, "मामा, स्क्रीन तुमच्यामुळं जात नव्हती. तुम्ही आलात की मी उठायचे, त्या उठण्यानं जायची. खुर्चीत दोष होता."

त्यांनी हात थांबवला. आधी त्यांच्यातला मोल्डर जागा झाला. दांड्यात गॅस कुठं असतो, झटका कसा निघतो, तीन वेळा विचारून घेतलं. मग म्हणाले, "मोबाईल काढला, मशीन काढलं, कडं काढलं. तू उठतीस, ती गोष्ट कुणी धरलीच न्हाय."

"चुकलं माझं," मी म्हटलं. "त्या दिवशी ओरडले ते."

"ओरडलीस त्येचं कायबी न्हाय गं," ते बियांकडं बघत म्हणाले. "पन मला बी पटलं हुतं, त्येचं वाईट वाटतंय. ह्या वयात वाटाय लागलं, आपन कुटं जाऊच नये."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. नणंद पाणी घेऊन आली.

मामा त्या दिवशी आमच्याबरोबर आले नाहीत. सीझन आटोपल्यावर, मेच्या शेवटी आले. तोवर माझी नोकरी कायम झाली होती, गॅसची खुर्ची भंगारात गेली होती आणि मी लाकडी खुर्चीवर बसत होते. ते आले त्या दिवशी दुपारी त्यांना खोलीत बोलावून मी चार वेळा उठून-बसून दाखवलं. त्यांनी मान हलवली, "झ्याक," म्हणाले.

आता ते पुन्हा रोज चारला येतात. पण दारातच थांबतात. मी उठून उभी राहते, म्हणते, "या की मामा." ते माझ्याकडं बघत नाहीत. आधी स्क्रीनकडं बघतात, दोन-तीन सेकंद वाट बघतात, आणि ती चालू राहिली तरच आत येतात.