टिप्याची स्लाइड

स्लाइड बघण्याआधीच मी रोगाचं नाव सांगून टाकलं. माझी चूक एवढीच, आणि ती पुरेशी होती.

मंगळवार पेठेतल्या माझ्या जनावरांच्या दवाखान्यात आबा त्यांच्या टिप्या कुत्र्याला घेऊन आले. आबांची पिठाची गिरणी आहे. बरोबर मुलगा संभाजी होता. टिप्याच्या डोळ्यांभोवतीचे आणि पुढच्या पायांवरचे केस गेले होते, कातडी लाल झाली होती. मी कातडी चिमटीत धरली, रक्ताचा ओलावा दिसेपर्यंत ब्लेडने खरवडली आणि निघालं ते तेलाच्या थेंबात स्लाइडवर घेतलं. याला आम्ही स्किन स्क्रेपिंग म्हणतो.

"काय हाय डॉक्टर?" संभाजीने विचारलं.

"खरूज दिसतेय."

"माणसास्नी लागतीय व्हय? घरात तान्हं पोर हाय."

"लागू शकते. लांब ठेवा."

"लांब म्हंजे कुठं? दोन तर खोल्या हाईत," आबा म्हणाले.

बाहेर रांग होती. रिपोर्ट उद्या सांगतो म्हणालो आणि पुढच्याला आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी स्लाइड मायक्रोस्कोपखाली घातली. खरजेचा किडा गोल असतो, कासवासारखा. मला दिसले ते लांबट, गाजरासारखे, पुढच्या टोकाला आखूड पाय. डेमोडेक्स. हा केसाच्या मुळाशी राहतो. पिल्लाला आईकडून येतो आणि अंगातली ताकद कमी झाली की वाढतो. गोळ्यांनी रोग बरा होतो. माणसाला लागत नाही.

मी लगेच फोन करून खरूज नाही म्हणून सांगितलं.

"काल सांजच्यालाच सोडलं की राधानगरी रोडला," संभाजी म्हणाला. "तुम्हीच म्हणालासा न्हवं, लांब ठेवा?"

आबांना गाडीत घेऊन निघालो. पाऊस आत येत होता तरी आबा काच खाली करून हाका मारत होते. एका टपरीवाल्याला विचारलं.

"केस गेल्यालं व्हय? आलतं की पावणं. दिसंल त्या गाडीमागं पळत हुतं. दगड मारून हाकललं. खरजुलं कुत्रं कोण दारात ठेवतंय?"

पुढेही बरेच रविवार आम्ही त्या रस्त्याला गेलो. टिप्या सापडला नाही.

पहिल्या दिवशी परतताना आबाच मला समजावत होते. "तपासायचं मशीन हाय ते डॉक्टर. चुकायचंच एखाद्या वक्ती. तुम्ही जिवाला लावून घिऊ नगासा."

मी गाडी चालवत राहिलो. बोललो नाही. नंतरच्या रविवारीही बोललो नाही.

आता स्लाइड बघेपर्यंत मी रोगाचं नाव काढत नाही. टिप्याला त्याचा काही उपयोग नाही.

गेल्या आठवड्यात गिरणीत गेलो. चक्की चालू होती. मी म्हणालो ते आबांना ऐकू आलं नाही. त्यांनी मोटर बंद केली. दळण न्यायला आलेल्या दोन बायकाही माझ्याकडे बघू लागल्या.

"काय म्हणालासा डॉक्टर?"

"आबा, मशीन चुकलं नव्हतं. खरूज म्हणालो तेव्हा मी त्यातून बघितलंच नव्हतं. मला माफ करा."