कटकट मास्तरची मान

गल्लीच्या टोकाच्या सलूनवाल्याला सगळे ‘कटकट मास्तर’ म्हणत. दाढी-कटिंग उरकली की तो गिऱ्हाइकाची हनुवटी धरून मानेला असा हिसका द्यायचा, की कटकन आवाज यायचा. गिऱ्हाईक ‘आहाहा!’ म्हणायचं. हे काम फुकट, त्यामुळे खरी गर्दी त्यासाठीच. बायकोही त्याला कटकटच म्हणायची. पण तिचं कारण वेगळं होतं.

एक दिवस मास्तरचीच मान धरली. समोरचं सलून त्याच्या मेहुण्याचं, तिथे तो जाऊन बसला. ‘दाजी, डोळे मिटा,’ म्हणत त्याने हिसका दिला. आहाहा काही आलं नाही. मानेपासून अंगठ्यापर्यंत सणसणून कळ गेली, बोटांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी कात्री निसटून गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडली, तेव्हा बायकोने त्याला दवाखान्यात नेलं. मानेतली नस दबली होती. डॉक्टरांनी फिजिओथेरपीला धाडलं.

तिथल्या बाई वयाने त्याच्या मुलीएवढ्या.

‘काका, मानेला कुणी झटका दिला होता?’

‘छे हो!’ मास्तर म्हणाला.

‘माझ्या भावानं,’ बायको म्हणाली. ‘आणि हे स्वतः अख्ख्या गल्लीला देतात.’

बाईंनी कपाळाला हात लावला. ‘म्हणजे माझे निम्मे पेशंट तुमच्याकडूनच येतात की काय? आजपासून हे बंद!’

व्यायाम अगदीच पोरकट वाटला. हनुवटी सरळ मागे न्यायची, खांद्याची पाती जवळ आणायची, जरा थांबून सोडायची. पण आरसा आयताच होता. मास्तर रिकाम्या वेळी त्यापुढे हनुवटी मागेपुढे करायचा, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटायचं, म्हातारा उतारवयात स्वतःच्याच प्रेमात पडला. गिऱ्हाइकाची खुर्चीही त्याने उंच करून घेतली, म्हणजे वाकायला नको. मध्येच बरं वाटलं म्हणून व्यायाम सोडला, तर मुंग्या परत हजर. मग मुकाट्याने पुन्हा सुरू. हळूहळू कळ ओसरली, कात्री हातात टिकायला लागली. अंगठा तेवढा अजून बधिर असतो.

गिऱ्हाइकं मात्र रुसली. कटकन नाही म्हटल्यावर बरीचशी मेहुण्याकडे गेली. शेजारचा शिंपी तर जाताना म्हणाला, ‘मास्तर, गर्व चढलाय तुम्हाला. मान बघा कशी ताठ झालीय!’

‘त्यासाठीच तर एवढा राबलो,’ मास्तर म्हणाला.

शिंप्याला ते टोमण्यासारखं लागलं. मास्तरने पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवलं. त्याच्या डोक्यावर केसांची जेमतेम झालर होती. काम लवकर आटपलं, आणि व्यायामाला वेळ मिळाला.