हॅलिफॅक्सवाल्यांच्या बाजूने

बेसिक ट्रेनिंग संपलं आणि माझी पोस्टिंग एका इन्फन्ट्री बटालियनच्या सिग्नल सेक्शनला झाली. सिंगापूरमध्ये वाढलेल्या मुलाची नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी नोकरी, चुकत नाही, मग त्याचे आईबाबा पुण्याहून आलेले का असेनात. बाबा अकाउंटंट. आमच्या घरात त्याआधी कुणी बंदूक धरल्याचं ऐकिवात नाही. मी पहिलाच, आणि माझ्याही पाठीवर बंदुकीपेक्षा रेडिओ सेटच जास्त काळ होता.

हे दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. खिशात फोन असला तरी त्यात गाणी नसायची. गाणी सीडीवर, आणि सीडी डिस्कमनमध्ये. आमच्या सेक्शनमधला सगळ्यात चांगला डिस्कमन डेरेक तानचा.

डेरेक लहान असताना त्याचे आईवडील त्याला घेऊन कॅनडात, हॅलिफॅक्सला राहायला गेले. नागरिकत्व मात्र सिंगापूरचंच राहिलं, म्हणून सर्व्हिससाठी तो एकटा परत आला. सुट्टीत क्वीन्सटाउनला आजीकडे राहायचा. सिंगापूरचा उकाडा तो विसरला होता आणि सिंगापुरी बोलण्यात वाक्याशेवटी येणारा 'लाह' चुकीच्या जागी टाकायचा. पोरांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. त्याने ती हसत सोसली. पण पहिल्याच आठवड्यात मी त्याच्या आवडत्या बँडला नावं ठेवली आणि तो एकदम ताठ उभा राहिला.

तो बँड हॅलिफॅक्सचा. डेरेकच्या सीडींच्या पाकिटात सगळी कॅनडाचीच अल्टरनेटिव्ह रॉक मंडळी होती, आणि बघता बघता आम्हा सगळ्यांना त्यांचं वेड लागलं. बँडना आम्ही त्यांच्या गावाच्या नावाने ओळखायचो. मी मॉन्ट्रियलवाल्यांचा, कारण त्यांच्यात व्हायोलिन होतं आणि एका गाण्यात आठ माणसं एकदम गायची. आमचा सेक्शन कमांडर सार्जंट फैझल विनिपेगवाल्यांचा. एकच गिटार, एकच माणूस, आणि त्याच्या आवाजात मैलोन्‌मैल रिकामा रस्ता. दुपारच्या उन्हात घामाने निथळत रायफल साफ करताना ती बर्फातली गाणी ऐकणं म्हणजे स्वर्गच होता. इतकी साधी, इतकी खरी गाणी मी तोवर ऐकली नव्हती.

वाद रोज व्हायचा. सुरुवातीला नुसता कालवा. मग सार्जंट फैझलने हुकूम काढला.

"सिग्नलर आहात ना? मग रेडिओसारखे बोला. एका वेळी एक. संपलं की 'ओव्हर'. मध्ये तोंड उघडलं तर पुशअप्स."

तेव्हापासून आमचे वाद रेडिओच्या शिस्तीत होऊ लागले. न्यायाधीश वेई मिंग, कारण त्याला रॉक अजिबात आवडत नसे. तो मँडरिनमधली रडकी प्रेमगीतं ऐकायचा.

"साब, यू फर्स्ट," तो म्हणायचा. माझं आडनाव सबनीस, ते त्यांनी साब करून टाकलं होतं.

मी हॅलिफॅक्सच्या ड्रमरची सालटी काढायचो. त्याला ताल धरता येत नाही, माझी आई चकल्या पाडते तीसुद्धा याच्याहून लयीत पाडते, वगैरे. मग डेरेक शांतपणे उत्तर द्यायचा. तो ड्रमर जिथे थांबतो तिथे का थांबतो, गिटार कुठे मुद्दाम मागे राहते, सगळं समोर मांडायचा. त्याचे मुद्दे पक्के असायचे. पण त्याने कधीही, कुणालाही, "तुझं बरोबर आहे" म्हटलं नाही. मीही नाही. शेवटी वेई मिंग कंटाळून म्हणायचा, "सेम लाह, सगळेच ओरडतात," आणि कोर्ट उठायचं.

रविवारी घरी गेलो की मी तीच गाणी लावायचो. एकदा आईने विचारलं, "कॅनडात आपलं कोण आहे रे एवढं?"

"एक मित्र आहे," मी म्हणालो. तो इथेच, बसने वीस मिनिटांवर आहे, हे समजावत बसलो नाही.

एक दिवस रूट मार्च होता, पाठीवर सामान घेऊन लांबवर चालायचा. पहाटे निघालो. पाणी प्यायलो ते सार्जंट फैझलने स्वतः पाहिलं. विश्रांती वेळच्या वेळी झाली. ऊन नेहमीचंच. शेवटच्या टप्प्यावर माझ्या पाठीवर सेट होता आणि डेरेक माझ्या पुढे चालत होता. पाय दुखायला लागले की आम्ही वाद उकरून काढायचो, म्हणजे अंतर कळत नसे. मी सुरुवात केली.

"डेरेक, तुझ्या हॅलिफॅक्सच्या ड्रमरला अजूनही ताल सापडलेला नाही. ओव्हर."

उत्तर यायला वेळ लागला.

"हो," तो म्हणाला. "तुझं बरोबर आहे."

मागून वेई मिंग हसला. मला हसू आलं नाही. मी रांग सोडली आणि त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्याचे डोळे माझ्याकडे होते, पण तो मला पाहत नव्हता.

"डेरेक, तुझा बँड कुठला?"

"विनिपेग," तो म्हणाला.

"सार्जंट!" मी ओरडलो. "डेरेक बरा नाही. तो माझं ऐकतोय!"

दुसऱ्या कुठल्याही सेक्शनमध्ये या वाक्याला कुणी भीक घातली नसती. सार्जंट फैझलने एक प्रश्नही विचारला नाही. डेरेकचे गुडघे वाकले तेव्हा तो त्याला धरायला पोहोचला होता. आमच्या मेडिकने त्याचा शर्ट कापला, सगळ्यांच्या बाटल्या त्याच्या अंगावर रिकाम्या केल्या आणि हातात सलाइनची सुई घातली. मी रेडिओवर मुख्यालयाला, म्हणजे 'झीरो'ला, बोलावत होतो.

"झीरो, धिस इज टू-फोर. रिअल कॅज्युअल्टी, आय से अगेन, रिअल. हीट इंजरी. रिक्वेस्ट अँब्युलन्स. ओव्हर."

"टू-फोर, रॉजर. सेंड लोकेशन. ओव्हर."

मी लोकेशन दिलं. आवाज स्थिर होता. गाडी लगेच आली आणि गेली. मग मी रस्त्याच्या कडेला बसलो. वेई मिंग शेजारी बसून राहिला. त्याचं हसू केव्हाच मावळलं होतं.

उष्माघात होता; डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली. त्याचे आईवडील हॅलिफॅक्सहून पोहोचले तेव्हा तो श्वास घेत होता, पण शुद्धीवर आला नाही. ते आल्याच्या दुसऱ्या दिवशी गेला. कुणाचं काही चुकलं नव्हतं. शरीर कधीकधी साथ सोडतं, असं डॉक्टर म्हणाले. मला ते ऐकून जराही बरं वाटलं नाही.

आजीच्या इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, व्हॉइड डेकवर, शवपेटी ठेवली होती. भेटायला येणाऱ्यांसाठी गोल टेबलं, शेंगदाणे, पाकिटातले ज्यूस. संध्याकाळी आमचं पूर्ण सेक्शन तिथे गेलं. डेरेकची आई आमच्या टेबलाशी येऊन बसली.

"उद्या निरोप देताना त्याच्यासाठी एक गाणं लावायचंय," ती म्हणाली. "घरी तो दार लावून ऐकायचा. मला फक्त भिंतीतून ड्रम्स ऐकू यायचे. कुठलं लावू?"

"आंटी, पहिल्या सीडीतलं पहिलं," सार्जंट फैझल म्हणाला.

"नाही, सार्जंट," मी म्हणालो. "फेरीबोटीचं."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघंही मागे हटणार नव्हतो. वेई मिंगने घसा साफ केला. "वन बाय वन. साब, यू फर्स्ट."

मी उठून उभा राहिलो. हॅलिफॅक्सच्या बंदरात एक फेरीबोट माणसांना पलीकडे नेते, त्यावरचं ते गाणं. ड्रमर कुठे थांबतो आणि का थांबतो, ते मी सांगितलं. गिटार मुद्दाम मागे राहते, कारण किनारा मागे राहतोय, हेही सांगितलं. ज्या बँडला मी महिनोन्‌महिने नावं ठेवली होती, त्याचा ठोका अन्‌ ठोका मला पाठ होता. हे सगळे डेरेकचे मुद्दे होते. ते मांडायला तो नव्हता आणि दुसऱ्या कुणाला ते इतके येत नव्हते. "ओव्हर," मी म्हणालो आणि खाली बसलो.

सार्जंट फैझलने मान खाली घातली होती.

"त्या फेरीबोटीने त्याचे बाबा रोज कामाला जातात," डेरेकची आई म्हणाली.

हे डेरेकने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याच्यासमोर कुणाचा टिकाव लागला नसता. पण वाद त्याला गाण्याच्या जोरावर जिंकायचा होता, घरच्या गोष्टीवर नाही. असा सच्चा माणूस मी नंतर क्वचितच पाहिला.

दुसऱ्या दिवशी क्रेमेटोरियमच्या हॉलमध्ये डेरेकचाच डिस्कमन दोन छोट्या स्पीकरना जोडला. फेरीबोटीचं गाणं सुरू झालं आणि सार्जंट फैझलने हळू आवाजात हुकूम दिला. आम्ही सल्यूट केला. लान्स कॉर्पोरल डेरेक तान, सिग्नलर, वय एकोणीस. शवपेटी पुढे सरकत आत गेली, दार बंद झालं. गाणं अजून चालू होतं. तिथला माणूस बंद करायला पुढे आला, तेव्हा डेरेकच्या वडिलांनी हात वर करून त्याला थांबवलं. आमच्यापैकी कुणीच हात खाली घेतला नाही. शेवटी नुसते ड्रम्स वाजतात. मी ते कान देऊन ऐकत होतो, आणि ते संपू नयेत असं मला मनापासून वाटत होतं.