रिझल्ट : नवसागर

सरांनी माझं जर्नल दोन बोटांत धरून वर उचललं. बॅचमधल्या वीसही जणांना दिसेल असं. मग शेवटची ओळ मोठ्यानं वाचली.

"रिझल्ट : नवसागर."

लॅब हसली. सरांनी हसू ओसरू दिलं. मग म्हणाले, "ही काय किराण्याची यादी आहे? बी.एस्सी.ला आलीयेस की वाण्याकडे?"

दौंडचं कॉलेज. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाला चिमूटभर क्षार मिळायचा, नाव न सांगता. एकेक चाचणी करून तो कोणता ते ओळखायचं. मी माझा परीक्षानळीत तापवला. दाट पांढरा धूर आला आणि नळीच्या वरच्या गार भागात पुन्हा पांढरा थर बसला. तो धूर मी पाळण्यात असल्यापासून ओळखत होते. तरी पुढच्या सगळ्या चाचण्या केल्या, इंग्रजीत रीतसर लिहिल्या. फक्त शेवटच्या ओळीत हात घसरला. अमोनियम क्लोराईड लिहायचं तिथं घरातलं नाव उतरलं, तेही मराठीत.

माझे अब्बा कल्हईवाले. घर यवतला. त्यांचा भाता पार शिरूरकडच्या गावांपर्यंत फिरलेला. पितळेचं भांडं भट्टीवर तापवायचं, कापसाच्या बोळ्यानं आतून नवसागर चोळायचा, कथील टेकवायचं आणि ते वितळलं की झरझर बोळा फिरवायचा. धूर निघतो, भांडं आतून पांढरं लख्ख होतं. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं. हिरवं पडतं. प्यायलं तर उलट्या होतात. घरोघरी स्टील आल्यावर कळकणं हा शब्दच लोक विसरले.

"चाचण्या नंतर. आधी कशावरून ओळखलंस?" सरांनी विचारलं.

"धुरावरून. आमच्या घरी कल्हई करतात."

हे खरं उत्तर देणं ही माझी दुसरी चूक. त्या दिवसापासून माझं नाव गेलं. हजेरीलासुद्धा सर म्हणायचे, "कल्हई?" आणि मी म्हणायचे, "येस सर." ती लाज माझी आहे. कुणावर ढकलत नाही.

हेच सर वर्षाच्या सुरुवातीच्या तासांना रसायनशास्त्राचा इतिहास सांगायचे. आपल्या पूर्वजांना धातू कसे कळले होते, पारा कसा कळला होता. बोलताना त्यांचा आवाज भरून यायचा. मी पहिल्या बाकावर बसून उतरवून घ्यायचे. पूर्वज म्हटलं की सोवळं नेसलेलं कुणीतरी माझ्या डोळ्यांसमोर यायचं. काळ्या हातांचं कुणी येत नव्हतं. तसं शिकवलंच नव्हतं.

वर्ष संपत आलं. जर्नलवर सरांची सही नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे वर्ष गेलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या. माझं जर्नल सरांनी बाजूला काढलं.

"तो शब्द खोड. आणि वडिलांना घेऊन ये. भात्यासकट."

अब्बांना वाटलं, लेकीच्या कॉलेजात मान मिळतोय. धुतलेला सदरा घातला. एस.टी.त भाता मांडीवर घेऊन बसले. लॅबच्या मागं मोकळ्या जागेत सरांनी भांडी काढून ठेवली होती. लॅबचं वॉटर बाथ, म्हणजे पाणी तापवायचं तांब्याचं भांडं होतं आणि सरांच्या घरचं पितळी पातेलं. भोवती आमचा वर्ग.

"काय मामू, लावा दुकान," सर म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तू उभी का? भाता मार."

मी बसले. सही हवी होती. सलवार धुळीत, ओढणी कमरेला खोचलेली. मी भाता मारत होते आणि ज्यांच्या शेजारी बसून मी टायट्रेशन केलं होतं ती मुलं गंमत बघत होती.

वॉटर बाथ झालं. पातेलं चढलं. अब्बांनी नवसागर टाकला, धूर उठला. एका मुलानं विचारलं, "सर, नवसागर कशाला?"

सर म्हणाले, "परंपरा. धूर निघतो, गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

अब्बांनी मान वर केली. हळू आवाजात म्हणाले, "न्हाई साहेब. त्यानं मळ जातो. मळ ऱ्हायला तर कथील धरत न्हाई."

"अच्छा. मग मळाचा फॉर्म्युला सांगा, मामू."

वर्ग हसला. अब्बाही हसले. लोक आपल्याला हसले की त्यांच्याबरोबर हसायचं, ही त्यांना दारोदारी फिरून लागलेली सवय. ते हसू मला सहन झालं नाही. आजही होत नाही.

माझा हात थांबला.

"हाण की गं," अब्बा म्हणाले. "कथील थिजतंय."

मी उठले. "फॉर्म्युला मी सांगते. नवसागर तापला की अमोनिया सुटतो आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं. भांड्यावरचा ऑक्साईडचा थर त्यानं जातो. तोच मळ. सर, तुम्हाला हे येत नव्हतं. अब्बांना येत होतं."

सर म्हणाले, "सही पाहिजे ना?"

"नको."

भांडं गार करायच्या पाण्याची बादली शेजारीच होती. मी ती भट्टीत ओतली. पातेलं अर्धं पांढरं, अर्धं काळं राहिलं. सरांनी ते बुटानं ढकललं. "घेऊन जा हे. आता आमच्या घरात चालायचं नाही."

परतीच्या एस.टी.त अब्बांनी ते पातेलं मांडीवर घेतलं. यवतला उतरल्यावर म्हणाले, "आज अर्धं काम टाकून आलो. असं कवा केलं न्हवतं." त्यांनी मला शाबासकी दिली असं कुणाला वाटत असेल तर तसं घडलं नाही.

वर्ष गेलं. पुढच्या वर्षी सगळं जर्नल पुन्हा लिहिलं आणि त्या ओळीत पुन्हा नवसागर लिहिलं, पेनानं, मुद्दाम. सरांनी ढिगातल्या इतर जर्नलांबरोबर पान न उघडता सही ठोकली. त्यांना त्या शब्दाशी काही देणंघेणं नव्हतंच. वाकलेली मान हवी होती.

पुढे एम.एस्सी. केलं. आता शिरूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. फारसीत नौशादर, हिंदीत नौसादर, आमच्याकडे नवसागर. अमोनियम क्लोराईड हे नाव जन्मायच्या कितीतरी शतकं आधी लोक तो तापवत होते आणि त्याच्यावर लिहीतही होते. हे मला कुठल्याही सरांनी सांगितलं नाही. स्वतः शोधून वाचलं.

अब्बा शेवटपर्यंत म्हणायचे, "आण ते पातेलं. पुरं करून टाकतो." मी दिलं नाही. अब्बा गेले. पातेलं तसंच आहे.

गेल्या आठवड्यात दौंडहून पत्र आलं. सर निवृत्त होतायत. सत्कार आहे. माजी विद्यार्थिनी म्हणून मी दोन शब्द बोलावेत. पत्रावर माझं पूर्ण नाव आहे. त्या कॉलेजनं मला माझ्या नावानं पहिल्यांदाच बोलावलं.

मी जाणार आहे. आदल्या दिवशी त्या पातेल्यात ताक ओतीन. काळ्या बाजूला ते हिरवं पडेल. झाकण लावून दौंडला नेईन, हारतुऱ्यांच्या टेबलावर सरांसमोर ठेवीन आणि झाकण काढीन.

"सर, हे का कळकलं? फॉर्म्युल्यासकट सांगा."

उत्तर येईपर्यंत माइक सोडणार नाही.