आवणीला गेलो होतो

सातपूरच्या कारखान्यांसमोर माझं टायपिंगचं दुकान होतं. नोकरीचा अर्ज करायचा म्हटलं की पोरं माझ्याकडे यायची, आणि त्यात थापा कशा मारायच्या हे मीच त्यांना सांगायचे. लाज कसली त्यात? कारखानेच तसे. आठ महिने भरत आले की माणसाला 'ब्रेक' द्यायचे, म्हणजे घरी बसवायचे, नाहीतर त्याला कायम करावं लागेल. आणि मग पुढची कंपनी विचारणार, बाबा रे, इतक्या नोकऱ्या का सोडल्यास? वा रे न्याय.

पेठ तालुक्याकडचा बुधा लेथ मशीनवर काम करायचा. हात चांगला, बोलणं कमी. त्याच्या नोकऱ्यांमध्ये दोन तऱ्हेचे खंड होते. काही होते कंपन्यांनी दिलेले ब्रेक. बाकीचे त्याचे स्वतःचे. जून सरत आला की तो काम सोडून भाताच्या आवणीला गावी जायचा. घरी आई एकटी, चिखलात वाकून रोपं लावायला दुसरं कोणी नाही. आवणी उरकून परत यायचा तोवर त्याच्या जागी दुसरा उभा. मग पुन्हा उंबरे झिजवणं आलं.

१९८२ साली एका मोठ्या कारखान्यात कायमच्या जागा निघाल्या. बुधाला ती जागा हवीच होती. तिशी आली तरी लग्न जमत नव्हतं, मुलीकडचे आधी 'कायम आहे का' एवढंच विचारायचे.

"सगळीकडे ब्रेकच लिहिते," मी म्हटलं. "कोण तपासतंय?"

"नको ताई. कंपनीनं काढलं ते कंपनीचं. मी गेलो ते माझं. तिथं आवणी लिवा."

"अरे, दारात उभं करणार नाहीत."

"लिवा."

माझं डोकं फिरलं, पण लिहिलं.

तरी त्याला मुलाखतीला बोलावलं. साहेबानं एकच विचारलं, कायम केलं तर पुढच्या आवणीला काय करशील? 'नाय जाणार' एवढंच बोलायचं होतं. हा म्हणाला, "जाईन. आधी सांगून जाईन." झालं, जागा गेली. दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं त्यानं मला ते सांगितलं. मी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. तो हसला आणि जूनमध्ये गावी गेला.

पुढच्या वर्षी त्याच कारखान्यात परत जागा निघाल्या. बुधा येऊन स्टुलावर बसला.

"मागचाच अर्ज करा. खाली एक ओळ वाढवा. आता आवणीला जावं लागणार नाय."

"आली का अक्कल," मी म्हटलं. "कारण काय लिहू?"

"आई वारली. शेत चुलत्याला दिलं कसायला."

मशीनवरचे माझे हात थांबले. फार वाईट वाटलं, आणि अक्कल काढल्याचं जास्तच. म्हटलं, "अरे, हे लिहायची काही गरज नाही. साहेबाला काय त्याचं?"

"मागं जाईन म्हणून सांगितलं होतं ना. आता नाय जाणार, ते पण सांगाया पाहिजे."

त्याला घेतलं. पुढं कायमही केलं. लग्नाची बोलणी सुरू झाली.

चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये तो ड्यूटी सुटल्यावर कारखान्याच्या कपड्यांतच दुकानात आला. टाइप करायचं काही नव्हतं. मी चहा मागवला.

"रजा मंजूर झाली ताई. पंधरा दिवस, भरपगारी."

"चैन आहे मग. कुठं जाणार?"

त्यानं चहा बशीत ओतला, पण प्यायला नाही.

"जून लागला तशी सवयीनं मागितली. साहेबानं कारण विचारलं, तोंडातून आवणीच निघालं." त्यानं बशी खाली ठेवली. "ते खोटं झालं ना ताई. उद्या साहेबाला जाऊन सांगून येतो."