चंद्रीचा चीक आणि माझं शिबिर

वासरू जन्मलं की लगेच त्याला आईपासून वेगळं करायचं, हे मी पशुपालनाच्या शिबिरात शिकून आले आणि त्यानंतर आमच्या घरात माणसं आणि गुरं एकाच बैठकीत बसलेली अख्ख्या गल्लीने पाहिली.

शिबिराला मी हौसेने गेले नव्हते. गेल्या खेपेला आमच्या चंद्रीचं वासरू हगवणीने गेलं. त्याला दोन्ही हातांवर उचलून मीच बाहेर नेलं होतं. ते वजन मला अजून दंडात जाणवतं. यंदाचं वासरू जगलंच पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. शिबिरातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की वासराच्या अंगात ताकद येते ती चिकातून (म्हणजे व्यायल्यावर गाय पहिलं दाट, पिवळं दूध देते त्यातून), आणि तो जन्मल्याबरोबर पोटात जायला हवा. गाईला पाजू दिलं तर वासरू किती प्यायलं ते कळत नाही. म्हणून वेगळं करा, कोरड्या जागेत ठेवा आणि बाटलीने मोजून पाजा.

घरी येऊन मी हे सगळं सासूबाईंना ऐकवलं. त्या मेथी निवडत होत्या. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला मी न मोजताच पाजला. सातपूरला कंपनीत लागला की तो."

मी दुसऱ्याच दिवशी मापाच्या खुणांची नवी बाटली आणली.

चंद्री एका दुपारी व्यायली. ह्यांची पहिली पाळी, हे अजून कंपनीत. कालवड झाली होती, कपाळावर पांढरा ठिपका! मी तिला पुसून काढलं, नाळेला औषध लावलं, आणि चंद्रीने धड चाटायच्या आत उचलून वासरांच्या खोपटाकडे निघाले. दारात पोचल्यावर आठवलं की खोपट स्वच्छ दिसावं म्हणून मी सकाळीच त्याला चुना मारला होता. भिंती ओल्या, जमीन ओली. कोरडी जागा म्हणावी अशी घरात एकच उरली. सोफ्याशेजारी पोतं अंथरून मी कालवडीला बैठकीत ठेवलं.

मग गोठ्यात जाऊन चंद्रीचा चीक काढला, चरवी ओट्यावर ठेवली, सासूबाईंना "आई, चीक काढून ठेवलाय" असं सांगितलं आणि बाटली आणायला गेले. ही नवी बाटली मी इतकी जपून ठेवली होती की ती मलाच सापडेना. कपाट पाहिलं, माळा पाहिला, शेवटी ती गव्हाच्या कोठीत निघाली. (उंदरांनी बूच कुरतडू नये म्हणून. हुशारी कमी नाही माझी.) बाटली धुऊन स्वयंपाकघरात आले, तर घरभर वेलदोड्याचा वास!

आमच्याकडे चीक काढून ठेवला म्हणजे त्याचं एकच होतं. पहिला देवाला, मग गल्लीला. सासूबाईंनी अर्धा चीक गुळात कालवून उकडायला लावला होता आणि उरलेला तांब्या-तांब्याने घरोघर पोचवला होता. वासराला अजून थेंबही मिळालेला नाही, हे मी सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"अगं माय," त्या मटकन खाली बसल्या. "मला वाटलं, पिऊन उरलेला हाय. मी लेकराच्या तोंडचा काढला का गं?"

मला त्यांच्यावर चिडायचं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते जमेना. मी पुन्हा गोठ्यात पळाले. चंद्रीने मला वासराशिवाय आलेलं पाहिलं, पान्हा चोरला आणि बादलीला अशी लाथ घातली की ती शेणाच्या ढिगात जाऊन बसली.

मग मी रिकामी चरवी घेऊन, दिलेला चीक परत मागायला निघाले. असं आमच्या गल्लीत आजवर कोणी केलेलं नाही. पहिल्या घरी खरवस तयार होता. वहिनींनी वडी माझ्याच हातावर ठेवली आणि कालवड झाल्याबद्दल अभिनंदन केलं. दुसऱ्या घरी नुकताच गूळ पडला होता. शेवटी शेजारच्या हिराकाकूंकडे (त्यांचा झेंडूचा मळा आहे, त्या हार करत बसल्या होत्या) चीक तसाच कच्चा होता. दिलेला चीक परत केला तर गाय आटते, असं म्हणून त्या आधी कचरल्या. मी गेल्या खेपेचं वासरू आठवून रडायला लागले, तशा एकदम उठल्या आणि तांब्या माझ्या चरवीत पालथा केला. पण चिकाचं भांडं कोरडं परत पाठवायचं नसतं ना! त्यांच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. मी डोळे पुसेपर्यंत त्यांनी चरवीत ओंजळभर साखर टाकून ती ढवळलीसुद्धा.

आता हाही चीक वासराच्या कामाचा राहिला नाही. तेवढ्यात आमच्या घरातून भांडी पडल्याचा आवाज आला.

बैठकीत भुकेली कालवड हंबरली होती, आणि गोठ्यात चंद्रीने ते ऐकलं होतं. खुंटा उपटून, तो दाव्याला तसाच ओढत, ती पुढच्या दाराने आत आली होती. टीपॉय उलटा पडला होता. वासरू बघायला आलेल्या बायका दिवाणावर उभ्या होत्या. आणि सासूबाई, चंद्रीच्या पोटाशी वाकून, कालवडीचं तोंड सडाला लावत होत्या. "पी गं बाई, माझ्याकडून चूक झाली, तू पी." कालवड पीत होती. शेपटी हलवत, ढुशा देत, पोटभर पीत होती. मी चरवी धरून दारातच रडत उभी राहिले.

हे कंपनीतून आले, सवयीने चपला बाहेर काढल्या, दारातून सगळं पाहिलं आणि विचारलं, "आत येऊ का?"

डॉक्टरबाईंना मी फोन करून सगळं कबूल केलं. चीक किती गेला पोटात, त्यांनी विचारलं. टीव्हीच्या खालपर्यंत ओघळलाय, म्हणजे भरपूर असावा, असं मी सांगितलं. त्या खूप वेळ हसल्या आणि म्हणाल्या की जीव वाचला, आता तरी वेगळं करा.

केलं. चुना वाळल्यावर कालवड खोपटात गेली. पहिल्या दिवशी त्या दोघी हंबरल्या आणि आम्ही सासू-सुना वेगवेगळ्या खोल्यांत रडलो. मग चंद्री खायला लागली. मी दुधात बोटं बुडवून कालवडीला बादलीतून प्यायला शिकवलं. तिला हगवण लागली नाही. सोनी नाव ठेवलं. गल्लीतल्या बायका विचारायला यायला लागल्या आणि मी त्यांना ठणकावून सांगायची, की लवकर तोडायचं, उगीच जीव लावत बसायचं नाही.

सोनी महिन्याची झाल्यावर मी भाच्याच्या बारशाला माहेरी, इगतपुरीला निघाले. बस नाशिक सोडते न सोडते तोच ह्यांचा फोन. सोनी बादलीला तोंड लावत नाही, आई बोटं देऊन थकल्या, तू जरा बोल. त्यांनी फोन सोनीच्या कानाला लावला. मी भरल्या बसमध्ये म्हणाले, "सोने, पी गं माझी बाय, मी लवकर येते हं." पलीकडून नुसतं हंबरणं आलं.

शेजारी टोपली घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "लेक केवढी हाय?"

"महिन्याची."

"आन् तिला टाकून तुम्ही एस्टीत?" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की पुढच्या बाकावरची माणसंही वळली. "दूध तरी पिती का वरचं?"

ती कालवड आहे, आणि असंच करायचं असतं, असं मी सांगू शकले असते. तोंडही उघडलं होतं. पण माझ्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं, आणि त्या बाईंनी कंडक्टरला गाडी थांबवायला लावली.

विल्होळीला मी उतरले. गाडी हलताना त्या खिडकीतून म्हणाल्या, "आता ठेवू नका वो तिला अशी लांब."

"नाही ठेवणार," असं मी, शिबिर केलेल्या बाईने, भर हायवेवर गळ्याला हात लावून सांगितलं.