मेणाचा हात

गाडीजवळ जाण्याआधी दगडूनाना अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवायचे. मनगटावरचं घड्याळ, बोटातली तांब्याची अंगठी, खिशातल्या किल्ल्या. कमरेला पट्टा कधीच नसायचा, नाडीचा पायजमा. आणि अंगात शर्टाऐवजी बटणं नसलेला, बगलेत बंद बांधायचा सदरा, जुन्या बाराबंदीसारखा. सांगलीजवळच्या कुपवाडला सकाळी कामगारांच्या दुचाक्यांचा लोंढा येतो, त्यातही तो सदरा लांबून ओळखू यायचा. कुणी नव्या माणसानं विचारलं तर म्हणायचे, "बटन घासलं की चरा पडतो. ज्याला जपाय आलो, त्यालाच बोचकारायचं व्हय?"

आमची शेड लहान. पत्र्याखाली दोन गाड्या मावायच्या, तिसरी दारात. रंग मी मारायचो. नंतरचं सगळं नानांकडे. गाडी धुऊन वाळली की ते उजव्या हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायचे आणि डोळे मिटून बॉनेटवरून तळवा फिरवायचे. उघड्या हाताला न लागणारी कच पिशवीतून बरोबर लागते. या कामाची मऊ माती मिळते, तिचा गोळा पाणी मारत फिरवून ती कच उचलायची, बारीक पॉलिशनं चरे घालवायचे, स्पिरिटनं पुसून रंग कोरा करायचा. मग सीलंटचा पातळ हात. तो धरला की मेण. मेण ते फडक्यानं लावत नसत. तळव्यावर घेऊन, दोन्ही हात चोळून त्याला ऊब आणायचे आणि हातानंच लावायचे, पोराला तेल लावावं तसं.

"सिलंट पान्यापावसासाठनं," ते म्हणायचे, "मेण बघणाऱ्यासाठनं." मी घाई केली की म्हणायचे, "रंग म्हंजे कातडं हाय गड्या. कातडं सोलून उजाळा येत न्हाई." मेणावर धुकं येऊ लागलं की ते पुसायची वेळ झाली, हा त्यांचा नियम. "आधी पुसलं तर कच्चं, मागनं पुसलं तर हट्टी."

नाना मूळचे माणदेशातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. तरणेपणी कोयनानगरच्या वसाहतीत जीप चालवायला होते, एवढं मला माहीत होतं. पण आमच्याकडे आल्यापासून त्यांनी एकदाही स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी आत घ्यायची असो की बाहेर काढायची, मलाच हाक मारायचे. नजर कमी झाली असेल असं मी समजत होतो.

सदरे त्यांच्या बायकोनं, सुभद्राकाकींनी शिवलेले असायचे. दर दिवाळीला नवा. एका दिवाळीनंतर नाना नवा सदरा पिशवीतून घेऊन आले आणि कोपऱ्यात बसून ब्लेडनं उसवायला लागले. बघितलं तर एक बाही खाली अंगालाच शिवून टाकली होती. हात घालायला वाटच नाही. नानांनी टाके एकेक करून काढले, सदरा अंगात घातला आणि कामाला लागले. संध्याकाळी मी त्यांना घरी सोडायला गेलो तेव्हा काकी दारात होत्या. नाना हात पसरून त्यांच्यासमोर उभे राहिले. "झ्याक बसलाय बग," म्हणाले. काकी हसल्या. त्यांच्या हसण्यात काहीतरी चुकल्यासारखं होतं, नुकतीच झोपेतून उठलेली व्यक्ती हसते तसं.

पुढं काकी गॅस चालू ठेवून विसरू लागल्या. एकदा बाजारात गेल्या आणि घर सापडेना. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे असंच वाढत जाणार, मागं फिरणार नाही. मुलगी मंगल फलटणला दिलेली. ती आई-वडिलांना घेऊन जायला आली होती, पण नाना म्हणाले, नव्या घरात सुभद्राला आहे तेवढंही आठवायचं नाही. तिला एकटीला घरी ठेवता येईना, म्हणून ते काकींना शेडवर आणू लागले.

पहिल्या दिवशी काकी खुर्चीवर बसल्या आणि रंगाच्या वासानं खोकू लागल्या. नानांनी त्यांना ज्या गाडीचं काम चाललं होतं तिच्यात, पुढच्या सीटवर बसवलं. दार लावल्यावर काकी एकदम शांत झाल्या. पदर सावरून, हात मांडीवर ठेवून, समोर बघत बसल्या. थोड्या वेळानं काच खाली करून विचारलं, "आवं, कवा पोचणार?"

नाना बॉनेट पुसत होते. न थांबता म्हणाले, "आलंच की. पाटण मागं पडलं."

मग ते रोजचंच झालं. गाडी कुठलीही असो, काकी पुढं बसायच्या, नाना बाहेरून गाडीभर हात फिरवायचे आणि प्रवास चालायचा. काकी विचारायच्या, नाना सांगायचे, पाटण मागं पडलं. मला वाटायचं, कोयनेला असताना दोघं कराडच्या बाजारला जात असतील, तेच आठवत असेल. चांगली आठवण आहे, राहू दे, असं वाटायचं.

गिऱ्हाइकांनाही हळूहळू माहीत झालं. मिरजेचे एक गृहस्थ गाडी न्यायला वेळेआधीच आले. बघतात तर पुढच्या सीटवर काकी. मी सांगायला पुढं होणार तोच काकी त्यांना म्हणाल्या, "बसा की मागं. जागा हाय." ते गृहस्थ मागचं दार उघडून बसले. नानांचं पुसून होईपर्यंत दोघं पिकापाण्याचं बोलत होते.

एका पावसाळ्यात सगळं बदललं. काळी गाडी होती. काळ्या रंगावर बोटाचा ठसासुद्धा लपत नाही, म्हणून नाना सकाळपासून तिच्याशीच होते. सीलंट धरलं होतं, मेण लावणं चाललं होतं. मी शेजारच्या गाडीच्या दाराला कागद चिकटवत होतो. काकींनी काच खाली केली आणि मला हाक मारली.

"बाबा, ह्यो डायवर कोन बघा. नुसती गाडी पुसतोय, निघंना. आमचे मालक असते तर कवाच पाटण गाठलं असतं."

नानांचा हात बॉनेटवर थांबला. नानांनी हात सदऱ्याला पुसले आणि ते खिडकीपाशी आले. परक्या बाईशी बोलावं तसं, थोडं अंतर ठेवून उभे राहिले.

"निघतोच बाई. इंजिन तापलंय जरा. मालक न्हाई आले व्हय तुमचे?"

"हुते की. हितंच हुते." काकींनी इकडंतिकडं पाहिलं. "लय गुनाचा मानूस. बोलायचा न्हाई पर."

"कुठं निघालाय?"

"कराडला. पोराला ताप आलाय माझ्या. यशाला. डाक्टर म्हनला, हितं ठेवू नका, कराडला न्या."

मी हातातला कागद तसाच धरून उभा राहिलो. नानांना मंगलशिवाय मूल होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

"मंग?" नानांनी विचारलं.

"मंग दरड पडली म्होरं. पाऊस म्हंजे कसला. गाडी फुडं जाईना. ह्यांनी यशाला पाठीशी बांधलं आन् दगडांवरनं चढाय लागले. पल्याड जाऊन दुसरी गाडी बघतो म्हनले. मी मागनं." काकी हे सगळं सावकाश, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगत होत्या. "मागनं चालताना म्या पोराच्या पायाला हात लावला. गार लागला. म्या त्यास्नी सांगितलंच न्हाई. इतकं जीव तोडून चालत हुते, कसं सांगायचं?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"लोक म्हनली, आदल्या दिशीच न्यायला पायजे हुतं. आदल्या दिशी ह्ये सायबाला घिऊन साताऱ्याला गेलते. नोकरी हाय, न्हाई म्हनता येतंय व्हय? त्यांचा काय दोष? पर म्या त्यास्नी तसं कवा म्हनले न्हाई. ते खाली मान घालून बसायचे, मीबी खाली मान घालून. म्हनायचं ऱ्हाऊनच गेलं."

"मी सांगू का त्यास्नी?" नाना म्हणाले. "भेटले तर?"

"वळखता व्हय तुमी?"

"वळखतो थोडंबहुत."

"मग सांगा की. म्हनावं, सुभद्रा म्हनत हुती, तुमचा दोष न्हाई. जीव जाळू नका."

"सांगतो बाई."

काकींनी काच वर केली आणि समोर बघत बसल्या. नाना शेडच्या तोंडाशी जाऊन, आमच्याकडं पाठ करून, पावसाकडं बघत उभे राहिले. बराच वेळ ते तसेच होते आणि मी त्यांच्याजवळ गेलो नाही. बॉनेटवरचं मेण वाळलं, पांढरं झालं, घट्ट बसलं. इतक्या वर्षांत नानांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

ते परत आले तेव्हा डोळे लाल होते, आवाज मात्र रोजचाच. "हट्टी झालं की रं," म्हणाले. वाळलेल्या मेणावर ताजं मेण लावलं की जुनं मऊ होऊन सुटतं. आम्ही दोघं समोरासमोर उभे राहून ते काढू लागलो. काढता काढता, माझ्याकडं न बघता, ते म्हणाले, "पाटणच्या अलीकडंच दरड पडलीती. पाटण कवा लागलंच न्हाई आमास्नी." आणि थोड्या वेळानं, "त्या दिसापास्नं स्टेरिंग धरलं न्हाई मी."

त्यानंतर काकींनी नानांना नवरा म्हणून फारसं ओळखलं नाही. कधी डायव्हर, कधी दीर, कधी कुणीच नाही. नानांनी ते मुकाट्यानं मान्य केलं. डायव्हर असले की 'बाई' म्हणायचे, दीर असले की 'वयनी'. भात कालवून भरवताना विचारायचे, "आनखी घ्या की थोडा." पण यशाचं काकी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. नाना मधूनमधून विषय काढून बघायचे. "बाई, पोरं किती तुमास्नी?" असं विचारायचे. काकी हसायच्या आणि बाहेर बघायच्या.

थंडीत काकी अंथरुणाला खिळल्या आणि गेल्या. मंगल आली होती, शेजारीपाजारी होते. नाना कोरड्या डोळ्यांनी सगळं करत होते. अंघोळ घालताना बायकांनी काकींच्या हातातल्या बांगड्या सारख्या करताना जरा ओढल्या, तेव्हा मात्र ते दारातून म्हणाले, "दमानं. कातडं नाजूक झालंय तिचं." बाहेर उभे असलेले आम्ही सगळेच खाली बघू लागलो.

दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी ते शेडवर आले. काम होतं, पण मी त्यांना काही सांगितलं नाही. चहा मागवला. कप हातात धरून ते दारातल्या गाडीकडं बघत बसले. पुढची सीट रिकामी होती.

"मी तिला सांगाय पायजे हुतं का रं?" त्यांनी विचारलं. "मीच त्यो, म्हनून?"

मी म्हणालो, "सांगितलं असतं तर बरं झालं असतं कदाचित, नाना. तुम्हाला तरी."

ते मान हलवत राहिले. चहा निवून गेला.

"न्हाई. मला वळखलं असतं तर बोलली नसती," ते म्हणाले. "आमचा आख्खा संसार तसाच गेला. वळख हुती, म्हनून बोललो न्हाई."

त्या आठवड्यात ते मंगलकडं फलटणला गेले. एसटीत बसताना माझा हात हातात धरला. त्यांचा तळवा मेणानं इतका मऊ झालेला होता की एवढ्या कष्टाच्या माणसाचा तो हात वाटत नसे. "ये कवा तरी तिकडं," एवढंच म्हणाले. मी जाईन जाईन म्हणत राहिलो, फोनवर बोलत राहिलो. फोनवर ते गाड्यांची चौकशी करायचे. गेल्या वर्षी मंगलचा फोन आला. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

दहाव्याला मी फलटणला गेलो. घाटावरचं आटोपल्यावर मंगलनं मला घरी नेलं. घर उसाच्या रानातच आहे. पाहुणे जेवायला बसले होते. ती मला बाजूला, बांधापाशी घेऊन आली.

"दादा, नाना तुमच्या तिथं बोलायचे का हो काही?" तिनं विचारलं. "घरात दोघं कधी मनातलं बोललेच न्हाईत. आई तर देवळातबी गप उभी राहायची. मला वाटायचं, माझंच काय चुकतंय का. माझ्याआधी कुणीतरी होतं, एवढं आत्याकडनं कळलं होतं. विचारलं तर आई उठून जायची. मुलगा होता की मुलगी, तेबी मला माहीत न्हाई."

सांगावं की नाही, असा विचार माझ्या मनात आला नाही. मी तिला सगळं सांगितलं. ताप, दरड, पाठीशी बांधलेलं पोर, काकींनी लावलेला हात. काकी काय बोलल्या ते आणि नानांनी काय ऐकलं तेही. बोलणं संपल्यावर ती उसाच्या पात्याला धरून उभी राहिली.

"नाव काय होतं?" तिनं विचारलं.

"यशा. काकी तेवढंच म्हणाल्या होत्या."

"यशा," मंगल म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, कुणाला तरी घराकडं हाक मारावी तशी, "यशादादा."